भाताच्या धसकटात दडणारा पतंग

पोलादपूरच्या डोंगरउतारांपासून महाडच्या सखल खाचरांपर्यंत सावित्री नदीच्या खोऱ्यात पावसाळी शेती म्हणजे प्रामुख्याने भातशेती, आणि तिचा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे पिवळा खोडकिडा हा लहानसा पतंग होय. मादीच्या पिवळ्या पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते व ती आपल्या अंगावरील तांबूस केसांनी झाकते. प्रौढ पतंग पिकाला तोंडही लावत नाही, नुकसान करते ती अळी. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती खोडात शिरून आतला गाभा पोखरते, त्यामुळे फुटवे येण्याच्या काळात मधला पोंगा सुकतो, ज्याला गाभेमर म्हणतात, आणि पीक निसवताना हल्ला झाल्यास दाणे न भरलेली पांढरी, ताठ लोंबी बाहेर येते, ती पळींज. गाभेमर झालेले रोप नवे फुटवे काढून काही प्रमाणात सावरते, पण पळिंजीची भरपाई होत नाही.

अळी खोडात शिरल्यावर वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. उलट कोळी, चतुर आणि या किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या मात्र त्याने मरतात. म्हणून लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून त्यांवरील अंडीपुंज नष्ट करणे आणि मादीच्या गंधाने नरांना ओढणारे कामगंध सापळे लावणे हे उपाय अधिक शहाणपणाचे ठरतात.

तथापि निर्णायक काळ कापणीनंतरचा असतो, आणि दुर्लक्ष नेमके तेव्हाच होते. पूर्ण वाढलेली अळी खोडाच्या बुडाशी उतरते व पीक कापल्यावर धसकटात सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून, पुढील हंगामाची वाट पाहते. कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याने भात जमिनीलगत कापता येते, त्यामुळे बऱ्याच अळ्यांचा आसरा कमी होतो. लगेच नांगरणी करून धसकटे वर काढून नष्ट केल्यास उरलेल्याही मरतात. मात्र जेथे वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात घेतले जाते तेथे किडीला सलग अन्न मिळते, आणि पतंग उडत असल्यामुळे एकाच खाचरातील धसकटे काढून भागत नाही. शेजारच्या सर्व खाचरांत ते काम पुढच्या पेरणीच्या आत व्हावे लागते.