श्रीमंती कोणाच्या मापाने?

भोर-वेल्ह्यात श्रीमंती भातखाचरांवरून ठरे. महाराकडेही वतनाची जमीन होती; पण तिच्यासाठी गावकीची राबणूक करावी लागे. १९५८ च्या कायद्याने वतने संपली. मोल भरून जमीन परत मिळाली, तीही नव्या शर्तीची : कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता न येणारी. अशी जमीन असलेला श्रीमंत कसा?

आता माप रुपयांचे आहे. २०१९ मध्ये खुल्या प्रवर्गातील दुर्बलांसाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख ठरली. २०२१ च्या नियमांत अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र अडीच लाख! तीन लाख मिळवणारा सवर्ण दुर्बल. तेवढेच मिळवणारा दलित सधन. किती पैसा म्हणजे श्रीमंती, हे विचारण्याआधी माप कोणाच्या हातात आहे, ते विचारले पाहिजे.