हॅकर कोण आणि प्रोग्रॅमर कोण?

संगणकाच्या नादीं लागलेल्या मुलाकडे पाहून "हा पुढें हॅकर तर होणार नाहीं ना?" अशी भीति पुष्कळ आईबाप बोलून दाखवितात. प्रोग्रॅमर म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देणारा पगारदार गृहस्थ आणि हॅकर म्हणजे परक्याचें कुलूप उघडणारा चोर, अशी त्यांची समजूत असते. आम्हांस ही वांटणी मान्य नाहीं.

हॅकर हा शब्द जन्मतः कलंकित नव्हता. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९४६ सालीं खेळांतल्या आगगाड्यांची हौस असलेल्या विद्यार्थ्यांचें एक मंडळ निघालें. एखादी अडचण अनपेक्षित युक्तीनें सुटली, कीं त्या युक्तीला हीं मुलें 'हॅक' म्हणत. पुढें तीं रात्रीं जागून संस्थेच्या संगणकावर प्रयोग करूं लागलीं. १९६२ सालीं स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनीं 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. तो रचा म्हणून कोणीं सांगितलें नव्हतें. यंत्राची शक्ति अजमावण्याची केवळ हौस!

त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रयोगशाळेंत मार्गारेट हॅमिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अपोलो यानाचे प्रोग्रॅम लिहिले. २० जुलै १९६९ रोजीं चंद्रावर उतरतांना यानांतील संगणकावर कामाचा अतोनात भार पडला. तेव्हां त्यानें गौण कामें सोडून महत्त्वाचीं तेवढीं चालूं ठेविलीं. ही तजवीज आधींच करून ठेविलेली होती.

'हें करतां येईल काय?' हा हॅकरचा प्रश्न. 'हें बिघडलें तर काय?' हा प्रोग्रॅमरचा. एकाच मनांत दोन्ही नांदले, तर सोन्याहून पिवळें. पहिलाच तेवढा उरला म्हणजे काय होतें, तें १९८८ सालीं दिसलें. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें आपल्या प्रती आपणच काढणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. प्रती बेसुमार वाढल्या आणि हजारों संगणक अडून बसले. न्यायालयानें त्याला १०,०५० डॉलर दंड व ४०० तासांची समाजसेवा ठोठावली. हाच मॉरिस पुढें एम. आय. टी. मध्यें प्राध्यापक झाला!

म्हणून आईबापांस आमची विनंती, कीं मुलाच्या हातून यंत्र हिसकावूं नये. 'हें कोणाचें? त्याला विचारलेंस का? बिघडलें तर कोणाचें नुकसान?' एवढें पुसण्याची संवय मात्र त्याला लहानपणींच लावावी.