कुलस्वामिनी आणि शस्त्रधारी कुळे

अद्भुतकथांत आणि त्यांच्या आधारे रचलेल्या भूमिकाखेळांत शस्त्रधारी कुळांची पथके व त्यांचे रक्षक आत्मे ही जोडी वारंवार आढळते. संकट आले की आत्म्याला पाचारण करावयाचे. तो कुळाचे एक राखीव बळ असतो. असे साहित्य मराठीत आणताना 'कुलदैवत' हा शब्द अनुवादकाच्या हाताशी सहज येतो. पण तो येथे यथार्थ ठरतो काय?

'कुलस्वामिनी' या शब्दातच उत्तराची दिशा आहे. स्वामिनी म्हणजे मालकीण. कुळ तिचे असते. मराठा कुळांचे देवक पाहावे. कळंबाची डहाळी, पंचपल्लव, क्वचित तलवारसुद्धा देवक असते. पण त्याची प्रतिष्ठा होते ती लग्नाच्या मांडवात, आणि समान देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. कुळाला मर्यादा घालून देणे, हेही त्याचे कार्य आहे.

यावर आक्षेप संभवतो. राजारामांच्या काळात जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत १६५९ च्या अफझलखान प्रसंगी भवानी शिवाजीमहाराजांना अभय देते; मग ती रक्षक नव्हे काय? आहेच. परंतु ती आज्ञेने येत नाही, स्वेच्छेने प्रकट होते. कृपा आणि सेवा यांतील हा भेद मूलभूत आहे.

शस्त्रांचा प्रवासही हेच सांगतो. जेजुरीचा प्रचंड खंडा पानसे सरदारांनी खंडोबाला अर्पण केला. दसऱ्याला भाविक तो हाताने तोलतात, दातांनी उचलतात. युद्धात मात्र त्याचा उपयोग नाही. सरदाराचे शस्त्र देवाचे झाले की ते पराक्रमाची खूण म्हणून उरते.

रक्ताऐवजी गुरुपरंपरेने बांधलेल्या संन्याशांच्या आखाड्यांतही हीच रीत दिसते. जुना आखाड्याचे इष्टदैवत दत्तात्रेय, निरंजनीचे कार्तिकेय, महानिर्वाणीचे कपिलमुनी. महानिर्वाणीच्या भाल्यांना 'सूर्यप्रकाश' व 'भैरवप्रकाश' अशी नावे आहेत. कुंभात आधी भाल्यांना स्नान, मग साधूंना. येथे शस्त्र स्वतःच पूज्य झाले आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील कंकाली मठात नागा साधूंची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत. हा मठ वर्षातून एकदा, दसऱ्याला, दर्शनासाठी उघडतो. एरवी ती शस्त्रे बंद दाराआड असतात. शस्त्र हाती असणे आणि ते वापरण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी परंपरेने वेगळ्या मानल्या, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तेव्हा खेळातील आज्ञाधारक आत्म्याला 'पाठीराखा' म्हणावे. तो शब्द साधा आणि प्रामाणिक आहे. 'कुलदैवत' हा शब्द जेथे कुळ कोणाला तरी उत्तरदायी असेल, तेथेच योजावा. उलट दिशेने, मराठी कादंबरीतील कुलस्वामिनी अन्य भारतीय भाषांत नेतानाही तिला केवळ रक्षणकर्ती करू नये. तसे केल्यास कुळाच्या हातातील तलवार अनुवादात उतरते, पण त्या तलवारीला जाब विचारणारी सत्ता मुळातच राहून जाते.