डीपीचा श्वास

एप्रिलमधली दुपार. तासगावच्या द्राक्षबागेलगतचा डीपी उन्हानं आणि मोटारींच्या लोडनं तापलेला असतो. आतलं तेल फुगतं, हवा बाहेर पडते. संध्याकाळी वळीव कोसळतो, टाकी निवते, तेल आकसतं आणि डीपी बाहेरची ओली हवा आत ओढतो.

डीपी म्हणजे वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर, तो असा रोज श्वास घेतो. ती हवा कोरडी व्हावी म्हणून ब्रीदर लावतात. त्यातले सिलिका जेलचे निळे खडे ओल शोषली की गुलाबी होतात. नवा ब्रीदर सीलबंद येतो. बसवताना तळाचं सील काढून खालच्या कपात तेल भरायचं असतं. घाईत तेवढंच राहून जातं. मग खडे महिनोन्महिने निळेच दिसतात, सगळं ठीक वाटतं. हवा मात्र सैल गॅस्केटमधून थेट आत शिरत राहते. डीपी जळाल्यावर आधी लोडला दोष दिला जातो. खरं तर या सीलकडेही पाहायला हवं.

कारण तेल फक्त गारवा देत नाही, विजेलाही अडवतं. ओलाव्यानं ती ताकद घटते. प्रयोगशाळेत 2.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज वाढवत नेऊन, ठिणगी कधी पडते ते बघतात. वेटोळ्यांवरच्या कागदाचं तर साधारण 6 अंश जादा तापमानाला आयुष्य निम्म्यावर येतं. ओला कागद त्याहून लवकर संपतो. अशात गेलेली वीज परत आली की ऑटो स्विचवर ठेवलेल्या मोटारी एकदम उठतात, त्या लोडचा धक्का वेगळाच.

जत, माणच्या मुरमाड जमिनीत अडचण उलटी. तिथं उन्हाळ्यात माती कोरडी पडते नि अर्थिंग कमजोर होतं. न्यूट्रलला आणि टाकीला प्रत्येकी दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासूनच पाणी ओतत राहावं लागतं.

कृष्णाकाठी प्रश्न उंचीचा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बुडालेला ट्रान्सफॉर्मर पूर ओसरताच चालू करता येत नाही. वेटोळी सुकवायची, तेल गाळायचं किंवा बदलायचं, मेगरनं इन्सुलेशन तपासायचं, मगच वीज सोडायची. तोवर गल्ली अंधारात, नळाचं पाणीही बंद. म्हणून नदीकाठी डीपीचा नवा चौथरा बांधताना टेप रस्त्यापासून लावून भागत नाही. शेजारच्या भिंतीवर 2019च्या पुराची रेघ असेल, तर तिच्या वर किती, ते मोजायला हवं.