वैनगंगेवरचा अनुस्वार

पहिल्याच कामात मी वैनगंगेचा अनुस्वार हरवला. पाण्याच्या एका टँकरवर दोन्ही बाजूंना ‘वैनगंगा’ एवढाच शब्द लावायचा होता. पत्रा निळा, अक्षरं पांढरी. एक बाजू झाली. दुसरी लावून मी मागे सरले, तर टँकरवाला मान तिरपी करून बघत राहिला. म्हणाला, “ताई, हे वैनगगा कोनती नदी होय जी?” ठिपका टेपवर नव्हता, कागदावर नव्हता, खाली मातीतही नव्हता. घरी आल्यावर नवऱ्याने दाखवला. माझ्या कोपराला चिकटून तो निम्मं भंडारा फिरून आला होता.

आमच्याकडे अक्षरं कापून चिकटवायच्या या धंद्याला रेडियम म्हणतात. व्हिनाइल, डेकल हे शब्द रोलच्या खोक्यावर राहतात. गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं ते ‘रेडियम लावता काय’. मेरी आणि पियरे क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियमचा याच्याशी काही संबंध नाही. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना त्या रेडियमचा रंग लावत, ते अंधारात चमकत; त्यावरून चमकेल ते रेडियम असं झालं असावं. आपलं रेडियम स्वतः चमकत नाही. त्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात, ते समोरच्या दिव्याचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. आणि साध्या रंगीत व्हिनाइलमध्ये तर मणीही नाहीत, ते निव्वळ पीव्हीसी. पण बिलावर मीसुद्धा रेडियमच लिहिते. दोन्ही शब्द लिहून बघितले होते. लोक विचारायचे, दुसरं कशाचे पैसे?

अक्षरं कापायचं मशीन ठेवलं ते धानाची पोती ठेवायच्या खोलीत. घरात मोकळी तेवढीच होती. ही चूक होती, हे कळायला एक हंगाम गेला. कोंड्याची धूळ डोळ्याला दिसत नाही, पण अक्षराखाली गेली की बरोबर फोड उठतो. आता पोती ओसरीवर आणि मशीन आत, अशी अदलाबदल झाली आहे.

दोन फुटी कटिंग प्लॉटर नागपूरहून आणला. त्यासाठी मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज काढलं; त्याची मर्यादा ५० हजार. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, हे मला एका सेवा केंद्रात तिचे पैसे भरून झाल्यावर समजलं. तुम्ही भरू नका.

प्लॉटर म्हणजे शाई नसलेला प्रिंटर. शाईच्या जागी पातं, धानाच्या दाण्याहून लहान, स्वतःभोवती गरकन फिरणारं. साध्या व्हिनाइलला ४५ अंशांचं पातं चालतं, जाड रेडियमला ६० अंशांचं. सगळी गंमत दाबाची आहे. वरचा पापुद्रा पूर्ण कापला गेला पाहिजे आणि त्याखालचा गुळगुळीत कागद शाबूत राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येक नव्या रोलवर आधी एक छोटा चौकोन कापून बघायचा. चौकोन टोकाने उचलला आणि खालच्या कागदावर नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ दिसली, की दाब जमला. रेघ खोल असेल तर पातं कागदात घुसतंय. रेघच नसेल तर सोलताना अर्धं अक्षर कागदालाच चिकटून राहणार.

मशीन शिकायला आठ दिवस लागले. देवनागरी शिकायला मात्र वर्ष गेलं, आणि मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहे.

आमची सगळी कामं कोरल या सॉफ्टवेअरमध्ये होतात. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतं. तो जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला की उंदराने टाइप केल्यासारखा दिसतो, कारण मोबाइलचा मजकूर युनिकोड असतो आणि आमचे देखणे ठळक फॉन्ट बहुतेक त्याआधीच्या जमान्यातले. मग सगळं हाताने पुन्हा टाइप करायचं. पुढचं संकट त्याहून मोठं. पडद्यावर शिरोरेखा एकसंध दिसते, पण ती असते तुकड्यातुकड्यांची. प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या रेघेवर थोडं चढून बसतं. छापताना ते चालतं. कापताना पातं दोन्ही रेघांच्या कडांवरून जातं आणि चढलेला तुकडा सुटा पडतो. म्हणून कापायच्या आधी ‘वेल्ड’ ही आज्ञा द्यायची, की सगळी अक्षरं वितळून एक होतात. माझी पहिली चार कामं वेल्ड न करता कापलेली होती. त्यांच्या डोक्यावरच्या रेघा दर इंचावर तुटलेल्या दिसतात. त्यातला एक ट्रॅक्टर अजून मोहाडीच्या रस्त्यावर भेटतो आणि मी दुसरीकडे बघते.

वेल्ड केल्यावर मात्र देवनागरीसारखी दुसरी लिपी नाही. इंग्रजीत हीच नदी लिहिली तर नऊ सुटी अक्षरं, नऊ तुकडे. एखादं चिकटवताना कलंडलं की गेलं. मराठीत ‘वैनगंगा’ म्हणजे दोनच तुकडे. एक अख्खा शब्द शिरोरेखेला लोंबकळत आणि दुसरा तो अनुस्वार. शब्द सरळ लावायला वेगळी पट्टी नको, ती लिपीने डोक्यावर घेतलेलीच असते. पण जे शिरोरेखेला धरून नाही, ते हरवतं. अनुस्वार, नुक्ता, विसर्ग. आता मी प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात चार जास्तीचे ठिपके कापून ठेवते.

कापलेल्या पट्ट्यातून नको ते सोलून काढायला कारखान्यांत काहीही म्हणोत, आमच्या घरात त्याला निवडणं म्हणतात. हा शब्द सासूबाईंचा. ताटात तांदूळ निवडावा तसं मांडीवर पाट घेऊन त्या बसतात, हातात चिमटा आणि सुई. ‘व’, ‘क’, ‘ध’ यांची पोटं काढायची. ‘ब’ला दोन पोटं. ही दोन पोटं काढताना मधली तिरपी काडी उचलली गेली की ‘ब’चा ‘व’ होतो. बापाच्या आठवणीत ट्रॅक्टर घेतलेल्या मुलासाठी आमच्या घरी एकदा ‘वावांची पुण्याई’ तयार झाली होती. सासूबाईंनीच ती पकडली. म्हणाल्या, “याच्या बापाची काडी कुठं गेली, ते पाय आधी.” मशीनला जे काम तीन मिनिटांचं, ते निवडायला अर्धा तास लागतो. मग वर मास्किंग टेप दाबायची, कागद उलटा करून सोलायचा, आणि शब्द टेपवर उचलून गाडीकडे न्यायचा.

हा अर्धा तास भावात कुणी धरत नाही. बाजारात दर चौरस फुटावर. एक फुटाचा ‘ॐ’ आणि एक फुटात बसवलेलं दुकानाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, दोन्हीला माल सारखाच लागतो; पण पहिल्याला दोन मिनिटं निवडायचं असतं, दुसऱ्याला पाऊण तास. पहिलं वर्षभर मी दोन्हीचे सारखे पैसे घेतले आणि धंदा चालतो तरी हातात काही का राहत नाही, याचं नवल करत बसले. आता सेंटीमीटरहून लहान मराठी अक्षर घेतच नाही. त्यातला अनुस्वार पहिल्या धुण्यालाच जातो.

शुद्धलेखनाचं भांडण रोजचं. दहातले सातजण ‘आशिर्वाद’ असाच लिहून आणतात. मी ‘आशीर्वाद’ करते. एकजण चिडला, “ताई, साऱ्या गाड्यांवर ऱ्हस्वच राहते, मीच काऊन येगळा दिसू?” मी त्याला म्हटलं, “भाऊ, आईच्या नावानं घेता, तर पुरा घ्या.” त्याने दीर्घ घेतला. दुसऱ्याने घेतला नाही. त्याला मी ऱ्हस्वच कापून दिला. हप्ता मलाही भरायचा असतो.

या धंद्यातल्या जुन्या लोकांचं घर नंबरप्लेटवर चालायचं. एमएच ३६ पुढच्या आकड्यांना वळण देऊन ४१४१ चं ‘दादा’ करणारे कलाकार होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली, पुढे राज्याने ती जुन्या गाड्यांनाही सक्तीची केली. ते काम संपलं. नव्याने सुरू करणाऱ्याने त्याचा हिशेब धरूच नये. उलट मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हा काचेच्या दारांवर मराठी अक्षरं लावून घ्यायला लोक आले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांसाठी पोरांच्या नावांचे छोटे स्टिकर जातात. पैसा फार नाही, पण सासूबाई ते काम सोडू देत नाहीत.

भंडारा पितळेचं शहर, म्हणून व्हिनाइलची जाळी चिकटवून पितळी ताटलीवर रसायनाने नाव कोरूनही बघितलं. नाव सुंदर उठलं. हात आठवडाभर पिवळे राहिले. तो नाद सोडला.

काही कामं मी परत पाठवते. ‘पोलीस’ आणि ‘प्रेस’ कुणालाही कापून देत नाही. गाडीच्या काचेवर काळी फिल्म लावत नाही, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. मोठ्या कंपन्यांची चिन्हंही नाही. एका मुलाला मोटारसायकलच्या टाकीवर दुसऱ्याच, महागड्या कंपनीचं चिन्ह हवं होतं. मी म्हटलं, आवाज कुठून आणशील?

ज्या कामाला मी कधी नाही म्हणत नाही, ते सगळ्यात कंटाळवाणं आहे: ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी. नियमात मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. जुना ६ नंबरचा, आताचा ५३ नंबरचा महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जातो. हंगामात त्यावर रात्री धानाच्या ट्रॉल्या चालतात. ट्रॉलीला मागे दिवा असतो, पण तो लागेलच असं नाही. मागून भरधाव येणाऱ्या ट्रकला दिसते ती ही पट्टी. ती लावायला अक्षर लागत नाही, निवडणं लागत नाही, फोटो काढून स्टेटसला ठेवण्यासारखंही काही नाही. तिच्यावर मी फक्त मालाचे पैसे घेते.

उन्हाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी ट्रॅक्टरच्या पत्र्याला अक्षर टेकवलं की गोंद तिथेच धरतो, हलवायला गेलं की अक्षर रबरासारखं ताणलं जातं आणि संध्याकाळी गार झाल्यावर कडा उचलतं. म्हणून उन्हाळ्यात लावायचं काम सकाळी सहा ते आठ. काचेवर मी पाण्यात दोन थेंब शाम्पू टाकून फवारते. अक्षर सरकवून जागेवर आणता येतं, मग पाणी जुन्या एटीएम कार्डाने दाबून बाहेर काढायचं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि लांब पट्टी मशीनमध्ये तिरकी चालते. दीड मीटरच्या वर काम असेल तर मी ते दोन तुकड्यांत कापते आणि जोड शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणते.

टँकरच्या त्या दुसऱ्या बाजूला मी दुसऱ्या दिवशी नवा ठिपका लावला. जरा मोठाच कापला गेला, जवळून बघितलं की कळतं.

तुम्ही नाव टाकायला याल तेव्हा ते कागदावर स्वतःच्या हाताने लिहून आणा, अनुस्वारासकट. आणि गाडी आदल्या दिवशी धुऊन ठेवा. डिझेलचा हात लागलेल्या पत्र्यावर काहीही टिकत नाही.