आत्याबाईच्या मिशांचे गणित

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते! जर-तरच्या प्रश्नावर पडदा टाकायला आपल्याकडे ही म्हण तयारच असते. ‘जगातल्या सगळ्या माणसांनी एकदम उडी मारली तर?’ असे एखाद्या मुलाने विचारावे, मोठ्यांनी हसून ही म्हण ऐकवावी आणि प्रश्न तिथेच मिटावा, हा बहुतेक घरांतला अनुभव. अमेरिकी लेखक रँडल मन्रो यांनी मात्र अशा प्रश्नांवरच पुस्तक रचले. भौतिकशास्त्राचे पदवीधर, नासाच्या लँग्ली केंद्रात यंत्रमानवांवर काम केलेले आणि पुढे काड्यांच्या माणसांची व्यंगचित्रे काढू लागलेले हे गृहस्थ. वाचकांच्या अचाट प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे २०१४ मध्ये ‘व्हॉट इफ?’ या नावाने ग्रंथरूपात आली. ती वाचताना आपण हसतो. पण नेमके कशाला हसतो?

एक प्रश्न पाहू. बेसबॉलचा चेंडू प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने फेकला तर? फलंदाजापर्यंतचे सुमारे १८ मीटर अंतर तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळात कापेल. समोरच्या हवेच्या रेणूंना बाजूला सरायला सवडच मिळणार नाही. ते चेंडूवर इतक्या जोराने आदळतील की अणुकेंद्रे एकमेकांत मिसळू लागतील. मैदान आणि भोवतालचा परिसर स्फोटात नाहीसा होईल. इतके सांगून झाल्यावर मन्रो नियमपुस्तक उघडतात आणि शांतपणे निर्णय देतात : चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागला असे धरून त्याला पहिल्या तळावर जाण्याचा हक्क आहे.

या विनोदाचे मर्म त्याच्या शिस्तीत आहे. प्रश्नकर्त्याला एकाच असत्याची सवलत मिळते. चेंडू तेवढ्या वेगाने कोणी फेकला, हे विचारायचे नाही. त्यानंतर मात्र निसर्गाचा एकही नियम वाकवायचा नाही, आणि खेळाचाही नाही.

आता सर्वांच्या उडीचा हिशेब आपणच करू. माणसे सुमारे ८०० कोटी. लहानथोर धरून सरासरी ५० किलो. एकूण वस्तुमान ४० हजार कोटी किलो झाले. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर २४ शून्ये इतके किलो, म्हणजे आपल्या सर्वांच्या १५ लाख कोटी पट. आपण अर्धा मीटर वर गेलो तर पृथ्वी त्याच प्रमाणात, एका अणूच्या रुंदीच्या हजारांशाहूनही कमी, खाली सरकेल. आणि आपण परतताच तीही जागेवर येईल. मन्रो यांनी हा भाग थोडक्यात आटोपला आहे. त्यांना खरी चिंता पडते ती पुढची : उडीसाठी लहानशा ऱ्होड आयलंड राज्यात जमलेली ही सारी माणसे घरी परतणार कशी? वाहने, रस्ते, अन्न सगळेच अपुरे. प्रश्न पृथ्वीच्या हालचालीचा होता. उत्तर माणसांच्या व्यवस्थेपाशी येऊन थांबले.

कधी उत्तर आपल्या भीतीलाच उलटे करते. अणुभट्टीतले वापरलेले इंधन ज्या तलावात ठेवतात, तिथे पोहले तर? पाण्याच्या साधारण दर ७ सेंटीमीटर थराला किरणोत्सर्ग निम्मा होतो. दहा वेळा निम्मा केला तर हजारावा भाग उरतो, म्हणजे त्यासाठी ७० सेंटीमीटर पाणी पुरे. तलावाची खोली तर कित्येक मीटर. तेव्हा इंधनाजवळ बुडी न मारता पृष्ठभागावर पोहणाऱ्याला किरणांचे भय नाही; भय आहे ते बंदूकधारी पहारेकऱ्यांचे.

ही रीत नवी नाही. पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्येच आकारमानावरील निबंधात खोल खाणीत उंदीर टाकून पाहिला होता, अर्थात कल्पनेत. लांबी दहापट कमी झाली की वजन हजारपट घटते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणून हवेचा विरोध उंदराला तारतो, माणसाला नाही. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी एन्रिको फर्मी यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि धक्क्याने ते किती सरकले यावरून स्फोटाची शक्ती १० हजार टन टीएनटीइतकी असल्याचा अंदाज केला. खरा आकडा त्याच्या दुपटीहून थोडा अधिक निघाला. ज्या स्फोटाचे मोजमाप आधी कोणी केलेच नव्हते, त्याची कोटी कागदाच्या कपट्यांनी बरोबर सांगितली.

म्हणून या पुस्तकांचा आनंद नुसत्या चकित होण्यात संपू नये. चमत्कारिक उत्तर ऐकून मान डोलवणे सोपे आहे. पण मग भविष्य सांगणाऱ्याचे ऐकणे आणि वैज्ञानिकाचे ऐकणे यांत फरक तो काय राहिला? फरक इतकाच की इथला हिशेब आपल्याला पडताळता येतो. कागद-पेन्सिल घेऊन उडीचे गणित एकदा स्वतः मांडले, की वर्तमानपत्रातल्या कोटींच्या आकड्याकडे किंवा किरणोत्सर्गाच्या अफवेकडेही आपण त्याच नजरेने पाहू लागतो.

आत्याबाईच्या मिशांचा प्रश्न घरात पुन्हा निघेल तेव्हा म्हण जरूर ऐकवावी. फक्त तिच्यानंतर ‘बरं, असत्या असे धरू, मग पुढे?’ एवढे जोडावे.