आखूड रायफल आणि शिकाऱ्यांचे आक्षेप

विहार तलावातून निघालेली मिठी नदी कुर्ल्यावरून वाहत जाऊन माहीमच्या खाडीस मिळते. आज कुर्ल्याच्या परिसरात कारखाने, चाळी आणि रेल्वेचे रूळ यांवाचून दुसरे काही सहसा नजरेस पडत नाही. तथापि साष्टीच्या याच टापूत, उत्तरेकडील डोंगरझाडीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शिकार चालत असे. विहारच्या परिसरात १९२९ साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे. अशा दाट रानात सावज दिसते ते वीस-पंचवीस पावलांवर आणि क्षणभरच. करवंदीच्या जाळीत किंवा मचाणाच्या अरुंद जागेत लांब रायफल फिरविणे कठीण. उलट नळी कापून आखूड केली, तर गोळीचा वेग घटतो. ही अडचण दूर करू पाहणारी रचना म्हणजे ‘बुलपप’ होय.

नेहमीच्या रायफलीत काडतुसाचे घर व मॅगझिन चापाच्या पुढे असतात आणि मागचा दस्ता केवळ खांद्याला टेकण्यापुरता असतो. बुलपपमध्ये ही सर्व यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसविलेली असते. त्यामुळे नळीची लांबी कायम राहून शस्त्राची एकूण लांबी कमी होते. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने आखलेली ‘इन्सास’ रायफल आणि भारतीय विशेष दलांनी स्वीकारलेली इस्रायली ‘टॅव्होर’ यांची तुलना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दोहोंची नळी सुमारे ४६ सेंटिमीटर. परंतु पहिलीची एकूण लांबी सुमारे ९६, तर दुसरीची अवघी ७२ सेंटिमीटर आहे.

ही कल्पना नवी नव्हे. ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट यांनी १९०१ साली अशा घोडदळी रायफलीचे पेटंट घेतले. तत्कालीन ली-एन्फील्डपेक्षा ती सुमारे साडेसात इंचांनी आखूड होती. परंतु तिचा धक्का फार बसतो आणि ती हाताळण्यास गैरसोयीची आहे, असे चाचण्यांत आढळून आल्याने ती नाकारली गेली. पुढे ऑस्ट्रिया, फ्रान्स व ब्रिटन यांच्या सैन्यांनी १९७७ ते १९८५ या काळात बुलपप रायफली स्वीकारल्या. शिकाऱ्यांत मात्र ही रचना कधीच फारशी रुजली नाही.

शिकाऱ्यांच्या आक्षेपांत सर्वांत महत्त्वाचा आक्षेप चापाविषयी आहे. बुलपपमध्ये चाप पुढे आणि काडतुसावर आघात करणारी यंत्रणा मागे राहते. दोहोंना जोडण्यासाठी लांब दांडी घालावी लागते. ती किंचित वाकते, घासते. परिणामी चाप स्वच्छ न सुटता ओढल्यासारखा वाटतो. फैरीवर फैरी झाडणाऱ्या सैनिकास हे चालून जाते. पण ज्याचा सारा भरवसा एकाच गोळीवर आहे, त्याचा नेम एवढ्यानेही ढळू शकतो. दुसरा आक्षेप तोलाचा. भार मागे गेल्याने रायफल फार वेळ धरून ठेवणे सोपे जाते, परंतु नळीचे तोंड हलके पडते आणि पळत्या सावजामागून ती संथपणे फिरत नाही. तिसरा आक्षेप असा की, रिकामे काडतूस गालाजवळून बाहेर पडते. डावखुऱ्या शिकाऱ्याच्या तर ते तोंडावरच येते. शिवाय दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने नेमाची साधने उंचावर बसवावी लागतात. त्यामुळे जवळच्या अंतरावर दृष्टीची रेषा मोकळी असूनही तिच्याखालून जाणारी गोळी एखाद्या फांदीस अडखळण्याचा संभव असतो.

भारतातील जुन्या शिकाऱ्यांपुरते बोलायचे, तर त्यांना या रचनेची निकडही नव्हती. बोल्टच्या रायफलीत काडतुसाच्या लांबीइतका बोल्ट मागे सरकण्यास जागा लागते. दुनळी रायफल बिजागरीवर मोडून भरली जात असल्याने ही जागा वाचते आणि तितक्याच नळीची दुनळी तीन-चार इंचांनी आखूड होते. शिवाय तिला दोन चाप असल्याने दुसरी गोळी तत्काळ झाडता येते. जिम कॉर्बेट यांच्याजवळ .२७५ बोअरच्या बोल्ट रायफलीबरोबरच .४५०/४०० ची दुनळीही होती, यात नवल नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली संमत झाल्यापासून भारतात छंदाची शिकार संपुष्टात आली असून हा वाद आता परदेशातील शिकाऱ्यांपुरता उरला आहे. तथापि त्यातील विचार समजून घेण्याजोगा आहे. शिकाऱ्यांचा विरोध केवळ जुन्याच्या मोहातून आलेला नाही. नेम चुकला तर सैनिक दुसरी गोळी झाडतो. शिकाऱ्याचा नेम थोडा चुकला तर जखमी जनावर झाडीत शिरते, वेदना भोगत राहते आणि रानात पाऊल टाकणाऱ्या पहिल्या माणसावर उलटते. ते जनावर शोधून काढण्याचे कर्तव्य शिकाऱ्याचे मानले गेले असले, तरी त्याचे मोल पुष्कळदा हाकाऱ्यांनी व खेडुतांनी दिले. चोवीस सेंटिमीटरांची बचत आणि चापाची स्वच्छ सुटका यांपैकी एकाची निवड करावयाची झाल्यास शिकारी दुसरीची का करतो, याचे उत्तर यातच आहे.